अक्काचा डावा गाल

६ जानेवारी

आज एका अनोळखी बाईचा फोन. "मी डॉक्टर संजना. मीरा रोडला पूनम सागरमध्ये माझं छोटं क्लिनिक आहे. ताई, तुमची मालिका मी रोज बघते. तुमच्या डाव्या गालावर काही करता येईल असं मला वाटतं. एकदा याल का? फी नको."

माझा नंबर कुठून मिळाला विचारलं, तर म्हणाली प्रॉडक्शनमधून. कोणी दिला विचारलं, तर गप्प. एवढ्यावरच मी फोन ठेवायला हवा होता.

फुकट या शब्दाला मी फार भिते. आणि मालिकेत मला सगळे उजवीकडूनच दाखवतात. डावा गाल या बाईला दिसला कुठे?

अडीच वर्षांपूर्वी मी स्वतःच्या पायांनी अंधेरीच्या एका सेंटरमध्ये गेले होते. निर्मात्याने गोड बोलून सुचवलं होतं की वैजूताई, तुमची अक्का सासू आहे, आजी नाही. सेंटरवाले म्हणाले, गालात थोडा भराव घालू, पंधरा मिनिटांत दहा वर्षं कमी. भराव! भाईंदरची खाडी बुजवायला निघाल्यासारखे बोलत होते आणि मी हसले होते. तेव्हा हसता यायचं. मग टोपी आणि मास्क घातलेली एक मुलगी सुई घेऊन आली. नुसते डोळे दिसत होते. कानामागे अंगठ्याने दोन-तीनदा दाबलं आणि म्हणाली, "इथे लक्ष ठेवा, म्हणजे तिथे दुखत नाही."

दुखलं नाहीच. तिसऱ्या दिवशी गाल सुजला, मग आत दगड झाला. मोठ्या इस्पितळात औषध देऊन तो दगड विरघळवला, पण तोवर आतून वण धरला होता. बाहेरून बघाल तर काही नाही. फोटोत मी छान दिसते. हसले किंवा रडले की डावी बाजू जागची हलत नाही. माझं पोट तर हसण्या-रडण्यावरच आहे.

सेंटरच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात. मी जाऊन बघून आले आहे.

९ जानेवारी

वरसाव्याच्या सेटवर दिग्दर्शक निकेतने बाजूला घेतलं. हा पोरगा मान खाली घालून बोलायला लागला की समजावं, वाईट बातमी आहे.

"वैजूताई, चॅनलची नवी मॅडम आलीय ना, तिला क्लोजअप पाहिजेत. आणि तुमचा लेफ्ट साइड काही देतच नाहीये यार. मी किती दिवस राइटने काढणार?"

ठरलं असं की अक्का देवदर्शनाला जाणार. थेट गणपतीच्या ट्रॅकला परत. तेव्हा धाकटी सून घर सोडते आणि अक्का दारात उभी राहून रडते. लांबलचक क्लोजअप.

"तेवढा झाला ना, की परत रेग्युलर."

"आणि नाही झाला तर?"

"अरे होईल ना, टेन्शन कशाला घेता," म्हणाला आणि मोबाइल बघायला लागला. म्हणजे नाही झाला तर काय, हेसुद्धा यांचं ठरलेलं आहे.

अक्का चारधामला निघाली आणि मी जेसल पार्कात घरी. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि माझे शाहीर वडील. त्या अक्काच्या कपाळावरच्या रुपयाएवढ्या कुंकवाने माझं घर नऊ वर्षं चाललं, हे खरं आहे. लेकीचं, सान्वीचं, कॉलेज त्यातूनच चालू आहे. नवऱ्याच्या, सहादेवच्या, एकट्याच्या पगारात भागणार नाही.

१३ जानेवारी

गेले शेवटी. नुसतं बघायला.

खाली फरसाणवाला, वर क्लिनिक. भिंतीवर एकाही नटीचा फोटो नाही, 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो नाहीत. याचाच मला जास्त संशय आला. ज्याच्याकडे दाखवायला काही नसतं तोच भिंत कोरी ठेवतो.

डॉक्टर बत्तीसेक वर्षांची असेल. बारीक, रायगडकडची, बोलताना हात एकमेकांत गुंतवून धरते. तिने माझा गाल बराच वेळ बोटांनी चाचपला. चाचपताना डोळे मिटले होते.

"ताई, मी यात काहीही भरणार नाही," म्हणाली. "भरलं म्हणूनच हे झालं. जळालेल्या पेशंटच्या वॉर्डात मी दोन वर्षं काम केलं. तिथे सर जुन्या वणाखाली पेशंटचीच थोडी चरबी सोडायचे. कातडी वर उचलावी म्हणून सोडायचे, पण काही महिन्यांनी तो वणच मऊ व्हायचा. मान वळायला लागायची. मला वाटलं, आपण चेहऱ्यावर नुसते खड्डे बुजवत बसलोय. आतलं जे आहे त्याला परत कामाला लावता येईल की. आधी तुमचंच रक्त, मग तुमचीच चरबी. आणि मध्ये थांबायचं. भरपूर थांबायचं."

"चेहऱ्यावर असं किती जणींचं केलंत?"

ती अडखळली. "वणाचं काम इतरही करतात. पण चेहऱ्याची हालचाल परत आणायची, म्हणून हे सगळं या क्रमाने... तुम्ही पहिल्या."

खरं बोलली हे बरं वाटलं. पण पहिली म्हणजे प्रयोगाचा उंदीरच की. फी घेत नाही कारण उंदराकडून कोण फी घेतं?

२० जानेवारी

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांना विचारून आले. म्हणाले, वणासाठी चरबी वापरतात, नवीन काही नाही. धोका थोडा, फायदा किती ते सांगता येत नाही, वेळ लागेल. एवढा वेळ ती फुकट का देते, हे विचारलं तर हसले.

काल सहादेवच्या पुतणीचं लग्न होतं. फोटोला सहादेव पुन्हा माझ्या डावीकडे येऊन उभा. फोटोवाला म्हणाला, काका, काकूंच्या उजवीकडे या, तर ऐकायलाच तयार नाही. जेवतानाही डावीकडेच बसतो, आणि मधेच माझ्या डाव्या ओठाशी रुमाल पुढे करतो. घरात सोफ्यावरही तेच. पंख्याचं वारं तिथे जास्त येतं म्हणे. माणसाला वयानुसार एकेक खोडी लागते.

त्याला विचारलं, करू का हे? म्हणाला, "तुला करावंसं वाटतंय का?" प्रश्नाला प्रश्न. विमा कंपनीतली माणसं घरीसुद्धा सही करायला घाबरतात.

३ फेब्रुवारी

पहिली खेप. दंडातून रक्त काढलं, एका यंत्रात गरगर फिरवलं. खाली लाल राहिलं, वर सोनेरी पाणी आलं. ते पाणी गालात सोडायचं. रंग बघून मला उगाच बरं वाटलं, की आपल्या आत असलं काही आहे.

पण एक गोष्ट खटकली. सुई घेण्याआधी तिने माझ्या डोळ्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या. मग मास्क बांधल्याचा आवाज आला. म्हणजे आधी माझे डोळे झाकते, मग स्वतःचं तोंड. असं का? मी बघू नये असं ती काय करते?

कानामागे अंगठ्याने दोन-तीनदा दाबलं, मग सुई. हे डॉक्टर लोकांना बहुतेक शिकवतच असतील.

१५ फेब्रुवारी

आज जे बघितलं ते आधी लिहूनच काढते.

तपासणीला गेले होते. डॉक्टर आत हात धुवत होती. टेबलावर कॉम्प्युटर उघडा, आणि त्यावर मी. अक्का रडतानाची. चार वर्षांपूर्वीचा, मुलगा परदेशी जातो तो सीन. मध्येच थांबवलेला. शेजारी आणखी चौकटी, प्रत्येकीत मी, प्रत्येकीत रडणारी.

"हे काय चाललंय?" मी ओरडलेच. वॉचमन वर आला. "क्या हुआ मॅडम?" विचारायला लागला.

डॉक्टरने त्याला खाली पाठवलं. मग तिने खुर्ची ओढून मला बसवलं आणि तो सीन हळूहळू पुढे सरकवला.

"बघा. डोळ्यांत पाणी यायच्या आधी तुमचा ओठ खाली जातो. आधी डावा. मग उजवा. मध्ये एवढासा वेळ जातो. प्रत्येक वेळी असंच. सुंदर चेहरा कसा असतो ते पुस्तकात आहे, ताई. तुमचा कसा होता ते फक्त इथे आहे. मला तो परत आणायचाय."

इतक्या वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं. आधी डावा, मग उजवा. घरी येऊन आरशासमोर बसले, तर डावा गप्प.

पण परक्या बाईने माझं रडणं इतकं पाठ करावं? कुठेतरी पाणी मुरतंय.

११ मार्च

पोटावरची चरबी काढली, दोन नळ्यांतून पुन्हा पुन्हा फिरवून पातळ केली आणि गालात सोडली. पोट काळंनिळं, तोंड सुजलेलं. सान्वी म्हणते, मम्मी, पोटाचं गालाला लावायला लोक लाखो रुपये मोजतात, तुला फ्री मिळालं.

चार दिवस पातळ खायचं. सहादेव ज्वारीची आंबील करतो, मिठाचा अंदाज नाही, पण करतो. चमच्याने भरवताना आज खुदकन हसला. काय झालं विचारलं तर म्हणे काही नाही. माझ्या सुजलेल्या तोंडाला हसला असणार. मीही हसले असते, जमलं असतं तर.

डॉक्टर रोज फोन करते. काल म्हणाली, आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी पालापाचोळा अंथरून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. आधी जमीन, मग रोप. म्हटलं, बाई, माझ्या थोबाडाची शेती केलीत, आता पीक कधी येणार ते सांगा. ती हसली नाही. "येईल ना, ताई?" असं उलट मलाच विचारलं. डॉक्टरने असं विचारायचं असतं का?

१४ एप्रिल

जयंती. दरवर्षी स्टेजवर माझ्या वडिलांची, अण्णांची, गाणी मी म्हणते. परभणीत त्यांच्या जलशात लहानपणी जी मागे उभी राहून झील धरायचे, तीच गाणी. गाल बिघडल्यापासून घसा बसला म्हणून सांगते. यंदाही तेच सांगितलं.

खरं कारण असं की 'भीम' म्हणताना ओठ नीट मिटावे लागतात. माझ्या डावीकडून हवा निसटते. माझ्या बापाने मला तो एक शब्द आधी शिकवला, आईच्या नावाच्याही आधी, आणि तोच माझ्या तोंडातून धड निघत नाही.

बाथरूममध्ये जाऊन रडले. आरशात बघत रडले. एकाच बाजूने रडले.

९ मे

दोन महिने झाले, गाल तसाच. दर खेपेला बोटांनी चाचपायचं, 'हं' म्हणायचं आणि लिहून ठेवायचं. थांबायचं, थांबायचं. अंधेरीवाल्यांनी निदान पंधरा मिनिटांत वाटोळं केलं.

सेटवरून शिवाचा फोन आला. शिवा प्रॉपर्टी सांभाळतो, म्हणजे सेटवरचं सामान, भांडीकुंडी, देवघर. "ताई, एक फोटो पाठवा ना. समोरून, हसरा. मोठा काढायचाय."

"कशाला रे?"

"असंच, फाइलला."

बोलताना चाचरत होता. चॅनलचे पुरस्कार जवळ आले आहेत, कदाचित त्यासाठी असेल. नऊ वर्षं काम केलंय, कोणाला तरी लाज वाटली असेल. गाल बिघडायच्या आधीचा, मोरपंखी साडीतला फोटो पाठवला. त्यावर शिवाने हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. जरा जास्तच हात जोडतोय.

२० जून

गालाला खाज. आतून, मुंग्या आल्यासारखी. डॉक्टरला सांगितलं तर बाई खुर्चीतून उठूनच उभी राहिली. पिन टोचून विचारलं, इथे कळतंय? इथे? कळत होतं. अगोदर तिथे टोचलेलं कळायचं नाही.

मग तिने खरा मुद्दा काढलाच. सप्टेंबरात घोडबंदर रोडला त्वचेच्या डॉक्टरांची परिषद आहे. तिथे ही पद्धत मांडायची आहे. "तुमचं नाव येणार नाही ताई, फक्त केस. तुम्ही हो म्हणालात तरच."

आता कळलं फुकटचं कारण. मी 'बघू' म्हटलं. हिशेब लागला म्हणून खरं तर मला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. एवढंच असतं तर फोनवर पहिल्या दिवशी ती गप्प का झाली होती?

११ जुलै

तिसरी खेप. डोळ्यांवर घड्या, मग मास्कचा आवाज, कानामागे अंगठा. मला शिंक आली आणि डावी घडी घसरून पडली.

समोर डोळे. टोपी आणि मास्कच्या मधले. उजव्या भुवईत केस नसलेली बारीक रेघ. अंगठा कानामागे दाबलेला.

"इथे लक्ष ठेवा, म्हणजे तिथे दुखत नाही, असंच ना?" मी म्हटलं.

तिच्या हातातली सुई थांबली. तिने नाही म्हटलं असतं तर मी कदाचित विश्वास ठेवला असता. तिने कानामागचा अंगठा काढून घेतला. मी उठले, गालावर अर्धवट टोचलेलं, तशीच जिना उतरून रिक्षात बसले. रिक्षावाला म्हणाला, "दीदी, खून निकल रहा है." म्हटलं, निकलने दो.

१३ जुलै

सान्वी म्हणते पोलिसांत जा, कौन्सिलकडे तक्रार कर. सहादेवने सगळं ऐकून घेतलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. बऱ्याच वेळाने आत येऊन म्हणाला, "हात धुतेस तेव्हा आरशात बघतेस तू हल्ली. मध्ये बंद केलं होतंस." याचा इथे काय संबंध?

मला फक्त इतकंच कळतं की सहा महिने मी माझा गाल त्याच हातात दिला. संशय सगळ्यांवर घेतला, निकेतवर, शिवावर, नवऱ्यावर. जिच्यावर घ्यायचा तिच्यावर घेऊनही पकडता आली नाही.

२६ जुलै

आज गेले. क्लिनिकमध्ये पेशंट नव्हते. ती जणू रोज माझी वाट बघत असल्यासारखी उभी राहिली.

"बोल," मी म्हटलं. पहिल्यांदाच तू म्हटलं.

तिने सांगितलं. नुकतीच पास होऊन त्या सेंटरमध्ये लागली होती. मोठे डॉक्टर दुसऱ्या खोलीत असायचे, सुया या पोरींच्या हातात. माझ्या वेळी औषध नको त्या नसेत गेलं असावं. संध्याकाळी तिला शंका आली, फोन करते म्हणाली, तर मालक म्हणाले, पेशंटला घाबरवायचं नाही. तिने केला नाही, माझा नंबर मात्र जपून ठेवला.

"दोन आठवड्यांनी टीव्हीवर तुम्हाला बघितलं. तुम्ही हसलात आणि डावी बाजू... मी नोकरी सोडली. जळालेल्यांच्या वॉर्डात गेले, कारण वणाचं तिथेच शिकता येतं. रोज साडेसातला तुमची मालिका लावायचे. उजवीकडूनच दाखवायला लागले तेव्हा मला कळलं की माझ्यामुळे. माझ्याकडे आता इतर बायका येतात, त्यांना मी भराव नाही म्हणते, रक्त, चरबी, थांबा म्हणते. सगळे म्हणतात नवीन विचार आहे. तो तुमच्या गालापासून सुरू झाला, ताई."

"मग फोनवर हे का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आला असतात?"

"नसते आले."

"म्हणून."

आणि मग माझा तोल सुटला. "अगं, यायचं की नाही ते ठरवणं माझं होतं! चेहरा माझा! पहिल्यांदा बिघडवलास तो मला न सांगता, आणि दुरुस्त करायला घेतलास तोही मला न सांगता! माझ्या तोंडातून माझ्या बापाचं गाणं गेलं, माहितेय तुला? तुला चूक धुवायला मिळाली, मला काय मिळालं?"

तिच्या डोळ्यांतून धार लागली होती. पण मध्येच ती थबकली आणि माझ्याकडे बघायला लागली. डोळ्यांत नव्हे. खाली.

"ताई," ती कुजबुजली, "परत बोला."

"काय परत बोला!"

"डावा. आधी डावा गेला."

तिने आरसा पुढे केला. मी तो ढकलून दिला आणि निघून आले. मी तिला शिव्या घालत होते आणि ती माझा ओठ बघत होती. ही माया म्हणायची की हाव, मला अजून कळत नाही.

घरी येऊन आरशात पाहिलं. सहादेवला कामवाल्या बाईवरून मुद्दाम ओरडून बघितलं. तो म्हणाला, "हो. हलतोय."

२ ऑगस्ट

अर्धवट राहिलेली खेप पूर्ण करून आले. अट घातली, डोळ्यांवर घड्या नाहीत. पूर्ण वेळ मी तिच्याकडे बघत होते. तिचा हात एकदाही कापला नाही, मान मात्र घामाने भिजली होती. 

१४ ऑगस्ट

वरसावे. अक्का देवदर्शनाहून परतली.

मेकअपला जाताना प्रॉपर्टीच्या खोलीत पाणी प्यायला वळले. भिंतीला टेकवून मोठी फ्रेम ठेवली होती. मोरपंखी साडीतली मी, हसतेय. काचेवर चंदनाचा हार.

शिवा धावत आला. "ताई, ते बॅकअपला... क्लोजअप नाही झाला तर अक्का यात्रेतच गेली असं दाखवणार होते. मला बोललेले, सांगू नको म्हणून. माफ करा."

मेमध्ये माझा फोटो मागितला होता. मी पुरस्कार समजले.

रडायच्या सीनला आम्ही डोळ्यांखाली मेंथॉलची कांडी लावतो. आज नको म्हटलं. दारात उभी राहिले. सून पाठमोरी निघाली. मी स्वतःच्या हाराचा विचार केला, अण्णांच्या गाण्याचा केला, आणि मग का कोण जाणे, त्या बयेच्या भिजलेल्या मानेचा. ओठ खाली गेला. मला आतून कळलं, आधी डावा.

निकेत ओरडला, "सॉरी सॉरी, फोकस गेला! वैजूताई, वन मोर!"

परत रडले. परत गेला. तिसऱ्यांदाही गेला, तो आवाजवाल्यांसाठी. चौथ्यांदा घ्यायला निकेत तयार होता, पण मीच नाही म्हटलं. माझे अश्रू काही नळाला येत नाहीत.

शिवाने हार काढला. फ्रेम मी घरी आणली. सहादेवने ती हॉलमध्ये लावली आणि म्हणाला, फोटो चांगला आलाय, पण आता वेगळी दिसतेस. वेगळी म्हणजे कशी, ते सांगितलं नाही.

१६ ऑगस्ट

भाकऱ्या थापताना अण्णांचं गाणं गुणगुणले. 'भीम' म्हटलं आणि ओठ मिटले. तव्यावरची भाकरी करपेपर्यंत तोच शब्द म्हणत बसले.

मग डॉक्टरला फोन केला. "परिषदेत माझी केस मांड. पण केस म्हणून नाही. वैजयंता म्हणून. आणि सुरुवातीलाच सांगायचं, हे कशातून सुरू झालं. अंधेरी, सुई, न केलेला फोन, सगळं."

अंधेरी, सुई, फोन, तिने एकेक शब्द परत म्हटला. मग म्हणाली, "ताई, माझी डिग्री जाऊ शकते."

"माझा गाल गेला होता," मी म्हटलं आणि ठेवला.

सांगणार नाही ती. दोन वाक्यं गोड बोलेल, 'पूर्वी झालेल्या उपचारामुळे' असं काहीतरी घालून पुढे जाईल. सगळे तेच करतात.

२१ सप्टेंबर

ती सांगते का, ते तपासायला परिषदेला गेले. सहादेवलाही ओढून नेलं. हॉटेलचा हॉल गार, सगळे सुटाबुटात, आम्ही शेवटच्या रांगेत. ती आम्हाला दिसली, आम्ही तिला दिसलो की नाही, ठाऊक नाही.

तिने पहिलं चित्र लावलं, अक्का रडतेय, चार वर्षांपूर्वीची. मग माईक दोन्ही हातांनी धरला.

"या पद्धतीची सुरुवात संशोधनातून झाली नाही," ती म्हणाली. "माझ्या हातून झालेल्या इजेतून झाली. त्या बाईंचं नाव वैजयंता. मी सुई टोचली, चुकलं, ते मला त्याच संध्याकाळी कळलं आणि मी त्यांना फोन केला नाही. हे आधी ऐका. मग पद्धत सांगते."

हॉलमध्ये कुजबुज झाली. पुढच्या रांगेतले दोघे उठून बाहेर गेले. ती थांबली नाही. राब कसा भाजतात तेही सांगितलं तिने, डॉक्टरांना.

मी रडत होते. थांबेचना. सगळ्यांदेखत, मेंथॉल नाही, काही नाही.

नंतर लक्षात आलं, सहादेव आज माझ्या उजवीकडे बसला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. डावीकडची खुर्ची तर रिकामीच होती, आणि एसीचं वारंही तिकडेच येत होतं. विचारलं, तर नुसता हसला. या माणसाचं मला कधी काही कळलेलं नाही.